प्रकाशाची जुळवाजुळव – लेखांक ९
कमी खर्चातला फ्लॅश : छत नसलेल्या गावासाठी

बाहेरून जोडायच्या फ्लॅशबद्दलचा बहुतेक सल्ला डोक्यावर पांढरे छत आहे, असे धरूनच दिलेला असतो. फ्लॅशचे डोके वर वळवायचे, उजेड छतावर आदळून मऊ होतो आणि खाली पसरतो. शहरातल्या फ्लॅटमध्ये हे चालते. तलासरी तालुक्यात, गुजरातच्या सीमेला टेकलेल्या झाईमध्ये त्याचा फारसा उपयोग नाही. येथे फ्लॅश लागतो तो रात्रीच्या लग्नमांडवात, अंधारात परतणाऱ्या होड्यांपाशी, भर दुपारच्या किनाऱ्यावर आणि आसपासच्या वारली पाड्यांतील कुडाच्या घरांत. मांडवाचे कापड लाल असेल, तर त्यावरून परतलेला उजेड नवरीचा चेहराही लाल करतो. उघड्यावर छतच नसते. गेरूची भिंत बराचसा उजेड गिळते आणि उरलेला तांबूस करून सोडते. म्हणून या भागासाठी पहिला निकष असा : फ्लॅश कॅमेऱ्यावरून काढून बाजूला ठेवता आला पाहिजे आणि तेथूनही तो उडाला पाहिजे.

त्यासाठी रेडिओ लागतो. कॅमेऱ्याच्या फ्लॅशची चमक पाहून उडणारे जुन्या पद्धतीचे फ्लॅश घरात ठीक असतात. उन्हात ती चमक त्यांना नीट दिसत नाही, आणि लग्नात दुसऱ्या कोणाच्याही फ्लॅशने ते उडतात. गोडॉक्स टीटी६०० किंवा योंगनुओ वायएन५६० मालिकेतील तिसरी-चौथी आवृत्ती यांत रेडिओ आतच असतो. कॅमेऱ्यावर त्याच कंपनीचा ट्रिगर लावला की झाले. ट्रिगरचा खर्च मात्र आधीच धरावा. फ्लॅश घेऊन पैसे संपले आणि ट्रिगर राहून गेला, असे होऊ नये.

ताकद गाइड नंबरने मोजतात. हा आकडा अंतराने भागला की लागणारे अ‍ॅपर्चर मिळते. खोक्यावरचा ६० हा आकडा भुलवणारा आहे : टीटी६००चा तो आकडा आयएसओ १०० आणि २०० मिमी झूमचा, म्हणजे उजेड एका अरुंद झोतात गोळा केलेला असतानाचा आहे. ३५ मिमीइतका पसारा केला की तो जवळपास निम्म्यावर येतो. दुपारी किनाऱ्यावर शटर १/२०० आणि अ‍ॅपर्चर एफ/११ ठेवले, तर असा फ्लॅश पूर्ण ताकदीने तीन मीटरपर्यंतच सावलीतला चेहरा उजळू शकतो. रात्री हिशेब उलटा होतो. आयएसओ ८०० केल्यावर गाइड नंबर सुमारे २.८ पट होतो. तारपा नाचाच्या फेऱ्यासाठी मग एक चतुर्थांश ताकदही पुष्कळ होते. थोडक्यात, जास्त ताकदीचे पैसे दुपारसाठी मोजावे लागतात, रात्रीसाठी नाही.

लग्नघरातील भिंतीवर रंगवलेला चौक टिपताना फ्लॅश कॅमेऱ्यावरच असेल तर गेरूवरची तांदळाच्या पिठाची रेघ सपाट दिसते, तिची जाडी हरवते. बाजूने तिरपा उजेड टाकला की ती उठून दिसते. पण फ्लॅश भिंतीच्या अगदी जवळ नको. चित्राची एक कड एक मीटरवर आणि दुसरी दोन मीटरवर असेल, तर दूरच्या कडेला चौपट कमी उजेड पडतो. तोच फ्लॅश मागे नेऊन जवळची कड चार मीटरवर ठेवली, तर दूरच्या कडेलाही सुमारे ६४ टक्के उजेड मिळतो. अर्थात, कुडाच्या घरात चार मीटर जागा असेलच असे नाही. मग उघड्या दारातून उजेड आत सोडावा.

टीटीएल, म्हणजे उजेडाचे माप कॅमेऱ्यानेच घेण्याची सोय, महाग पडते. वरातीत, नाचात, जेथे अंतर क्षणोक्षणी बदलते, तेथे ती खरोखर कामाची आहे. भिंतीवरचा चौक किंवा वाळत टांगलेले बोंबील कोठे पळून जात नाहीत. त्यांना हाताने ताकद ठरवायचा फ्लॅश पुरतो. शिकणाऱ्यालाही तोच बरा.

खरेदीपूर्वी कॅमेऱ्याचा हॉट शू, म्हणजे फ्लॅश बसवायची खाच, डोळ्यांनी पाहावा. बहुतेक स्वस्त फ्लॅश मधल्या गोल संपर्कबिंदूवर चालतात, आणि कॅननच्या २००डी मार्क २ सारख्या काही नव्या कॅमेऱ्यांत तो बिंदूच नाही. त्यावर साधा टीटी६०० उडत नाही. कॅननच्या ई-टीटीएल पद्धतीशी जुळणारा फ्लॅश किंवा ट्रिगर घ्यावा लागतो. सोनीसाठी वेगळी आवृत्ती येते. स्टुडिओच्या कपाटातील फिल्मच्या काळातला फ्लॅश फुकट मिळाला तरी थेट लावू नये. अशा काही फ्लॅशच्या संपर्कबिंदूवर २०० व्होल्टहून अधिक दाब असतो आणि तो सगळेच डिजिटल कॅमेरे सोसत नाहीत.

सेलवर मात्र काटकसर नको. साध्या सेलांवर फ्लॅश लवकरच रेंगाळू लागतो. २००० एमएएचच्या आसपासचे, पुन्हा चार्ज होणारे निकेल-मेटल हायड्राइड सेल चारच्या दोन जोड्यांत घ्यावेत. खाऱ्या हवेत सेलच्या खाचेतील पत्र्यांवर गंज लवकर चढतो. काम संपले की सेल काढून ठेवावेत आणि संपर्कबिंदू कोरड्या फडक्याने पुसावेत.

एकदम सगळे परवडत नसेल, तर रेडिओ असलेला एक मॅन्युअल फ्लॅश, ट्रिगर आणि आठ सेल एवढे आधी घ्यावे. टीटीएलचा विचार लग्नाच्या ऑर्डरी मिळू लागल्यावर करावा.