भिंती पडल्या, तरी घट बसला

या पानावर एरवी आपण बियाणे, फवारणी, खतांच्या मात्रा यांवर बोलतो. आजचा विषय निराळा आहे, पण तोही बांधावरच निघालेला आहे. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात पाऊस असा काही कोसळला की सीनेच्या काठची पिके तर गेलीच, पण खालची कसदार मातीही खरवडून गेली. अशा वेळी पंचनाम्याला गेलेल्या माणसाला शेतकरी नुसते क्षेत्र आणि टक्केवारी सांगत नाही. एक जण कागदावर अंगठा टेकवत म्हणाला, "देव हाय का न्हाई तेवढं सांगा साहेब. बाकीचं काय लिवायचं ते तुमच्या फारमात लिवा."

आता पदविकेच्या अभ्यासक्रमात आम्हाला मातीचा सामू मोजायला शिकवतात. या प्रश्नाचे उत्तर त्यात नसते. परंतु हा प्रश्न ज्या भागाने सगळ्यात मोठ्याने विचारला आणि नंतर तीस-बत्तीस वर्षे तो उराशी घेऊन संसार केला, तो भाग आपल्या शेजारचाच आहे. लातूर जिल्ह्यातील औसा तालुका आणि धाराशिव जिल्ह्यातील (तेव्हाचा उस्मानाबाद) उमरगा-लोहाऱ्याचा पट्टा. किल्लारी, सास्तूर ही नावे ऐकली की आजही जुन्या माणसांचा आवाज खाली येतो.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गावोगावी गणपतीचे विसर्जन करून, गुलाल अंगावर घेऊन माणसे उशिरा घरी येऊन झोपली होती. पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी जमीन हलली. धक्का सहा रिश्टरहून अधिक होता आणि त्याचा उगम जमिनीत फार खोल नव्हता. काही सेकंदांत गावेच्या गावे सपाट झाली. मेलेल्यांचे आकडे कागदोपत्री वेगवेगळे मिळतात, पण सुमारे दहा हजार माणसे गेली असे सर्वसाधारणपणे मानले जाते. बावन्न गावे पुढे जुन्या जागेवरून उठवून नव्या जागी वसवावी लागली. त्यानंतर पाऊसही आला. ढिगाऱ्यातून माणसे काढायची आणि वर पाऊस. सरणाला लाकूड कुठले? पडलेल्या घरांच्या तुळया, सर, चौकटी यांचीच सरणे रचली गेली. ज्या दारातून लेक सासरी गेली, त्याच दाराच्या चौकटीवर तिच्या बापाला जाळले, असे सांगणारी माणसे आजही भेटतात.

देवाची पूजा करून झोपलेल्या गावावर हे आले. दुसऱ्या कुठल्याही रात्री आले असते तर दुःख कमी झाले नसते, हे खरे. तरीही विसर्जनाचीच रात्र का, हे कोडे त्या भागातल्या माणसाला सुटलेले नाही. आणखी एक गोष्ट पंचांग उघडून पाहिली की अंगावर येते. चतुर्दशी संपली, पौर्णिमा झाली आणि लगेच पितृपंधरवडा लागला. म्हणजे ज्या पंधरवड्यात मेलेल्यांना पान वाढायचे, त्याच पंधरवड्यात माणसे ढिगाऱ्यातून काढली जात होती. पान वाढणारा हात कुठे होता? आणि चूल?

त्या वेळी काही शहाणी माणसे बोलून गेली की पाप फार झाले होते म्हणून हे घडले. असे बोलणारे प्रत्येक संकटात निघतात, गारपिटीतही निघतात आणि करोनातही निघाले. या मताचा मला मनापासून राग आहे, आणि तो नुसता भावनेचा नाही. शेतीखात्यातल्या माणसाला कारण शोधायची सवय असते. किल्लारी भागात माणसे कशाने मेली? घरांनी. दोन-अडीच फूट रुंदीच्या भिंती, बाहेरून दगड, आतून दगड आणि मध्ये मातीचा भराव. त्या दोन थरांना एकमेकांशी बांधणारा लांब दगड बहुतेक ठिकाणी नव्हता. वर माळवद. दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर पांढरी माती आणून टाकायची, म्हणजे गळत नाही आणि उन्हाळ्यात घर गार राहते. अशी वर्षानुवर्षे टाकलेली माती दीड-दोन फुटांवर गेलेली. जमीन हलताच भिंतीचे थर सुटले आणि ते सगळे ओझे झोपलेल्या माणसांवर आले.

आणि वाचले कोण? ज्यांना दगडी वाडा परवडत नव्हता ते. कुडाच्या झोपडीत, पाचटाच्या छपराखाली झोपलेल्या कितीतरी गरिबांच्या अंगावर छप्पर पडले, ते झटकून ते उठले. शेतात राखणीला गेलेले वाचले. आता पाप-पुण्याचा हिशेब मांडणाऱ्यांनी सांगावे, दुधपित्या लेकराचे पाप कोणते आणि ते भिंतीच्या जाडीने कसे मोजले? भूकंपाने भिंत पाहिली. माणूस पाहिलाच नाही.

बरे, कारण सापडले म्हणून प्रश्न मिटतो का? नाही मिटत. १९९२ सालीही त्या भागाला धक्के बसले होते, लोक महिनोन्‌महिने घाबरलेले होते. भिंतीचे विज्ञान मला ठाऊक आहे, पण ज्या बाईची दोन लेकरे त्या भिंतीखाली गेली तिला विज्ञान नको असते. ती विचारते, माझीच का. याचे उत्तर ना आमच्याजवळ आहे, ना महाराजांजवळ. ज्यांच्याजवळ आहे असे ते म्हणतात, त्यांच्यापासून जरा लांबच बसावे.

आपल्या मातीत हा प्रश्न नवा नाही. देहूचे तुकोबाराय आपण रोज भजनात म्हणतो, पण १६३० च्या आसपासचा तो दुष्काळ आपण विसरतो. एका साली पाऊस आला नाही, पुढच्या साली नको इतका आला. दख्खन आणि गुजरात ओस पडले. परदेशी व्यापाऱ्यांनीही त्या मुलखातली प्रेते पडलेली वाट लिहून ठेवली आहे. त्याच दुष्काळात तुकोबांची पहिली पत्नी अन्न अन्न करीत गेली, मुलगा गेला, व्यापार बुडाला. तेव्हा त्यांचे वय विशी ओलांडलेले, म्हणजे आज आपण ज्याला पोरगा म्हणू तेवढे. हे सारे त्यांनी स्वतःच अभंगांतून सांगितले आहे, कुणी मागाहून जोडलेले नाही.

पुढे त्यांनी काय केले, तेही पाहण्यासारखे आहे. गावातले पडझड झालेले विठ्ठलाचे देऊळ दुरुस्त करायला घेतले. लोकांकडून येणे असलेली खते होती, त्यांतला भावाचा वाटा भावाला दिला आणि आपल्या वाट्याची खते इंद्रायणीत बुडवली, असे परंपरा सांगते. सावकारीच्या धंद्यातल्या माणसाने दुष्काळानंतर कर्जाचे कागद पाण्यात टाकायचे, याचा अर्थ या पानाच्या वाचकांना वेगळा सांगायला नको. आणि देवाशी ते कायम गोडच बोलले का? मुळीच नाही. भांडले, टोमणे मारले, तू आहेस की नाहीस असेही विचारून बसले. आपल्याकडे कीर्तनात गोड अभंग जास्त निघतात, कडू कमी. बुवांनी कडूही घ्यावेत अशी आमची विनंती आहे.

चोखोबांचे तर काय सांगावे. मंगळवेढ्याला गावकुसाचे काम चालले असता भिंत पडली आणि बिगारीची माणसे खाली गाडली गेली, त्यांत चोखामेळा होते. साल १३३८ सांगतात. नामदेव महाराज तिथे गेले, हाडांच्या ढिगातून ज्या हाडांतून विठ्ठलाचे नाव ऐकू आले ती त्यांनी उचलली आणि पंढरपूरला महाद्वारापाशी समाधी दिली, अशी कथा आहे. जन्मभर ज्याला देवळाबाहेर ठेवले, तो मेलाही भिंतीखाली. त्यांच्याही अभंगांत देवाला विचारलेले जाब आहेत. म्हणजे भिंतीखाली माणूस मेला की देवाला जाब विचारायचा, ही वारकऱ्यांची जुनी वहिवाट आहे. तो नास्तिकपणा नव्हे. ज्याच्याशी नाते आहे त्याच्याशीच माणूस भांडतो. शेजाऱ्याच्या बैलाला कोण रागे भरतो?

मंगळवेढ्याचीच दुसरी कथा गावकारभाऱ्यांसाठी. दामाजीपंत हे बेदरच्या सुलतानाचे अधिकारी. पंधराव्या शतकातला दुष्काळ, सरकारी अंबारात धान्य भरलेले आणि दारात उपाशी माणसे. पंतांनी वरच्या परवानगीची वाट न पाहता अंबार उघडले. पुढे विठू महाराचे रूप घेऊन देवाने धान्याची किंमत दरबारात भरली, अशी कथा आहे. किंमत कुणी भरली हा श्रद्धेचा भाग झाला. पण कोठार उघडले ते सरकारी माणसाने, आणि ते उघडताना देव मागून येऊन पैसे भरेल हे त्याला माहीत नव्हते. हे मी मुद्दाम लिहितो, कारण आपल्या दप्तरात अस्मानी हा शब्द फार सोयीचा झाला आहे. अस्मानीच्या नावाखाली सुलतानी किती खपते हे तलाठी, ग्रामसेवक आणि आम्ही, सगळेच जाणतो. पंचनामा पंधरा दिवस लांबला तर त्यात देवाचा काय दोष?

किल्लारीत मदत आली, पुष्कळ आली. सैन्य आले, जगभरातून कपडे-धान्य आले. भारतीय जैन संघटनेने सुमारे बाराशे मुलांना पुण्याला नेऊन शिकवले. पुढे जागतिक बँकेच्या कर्जातून घरे झाली, आणि दुरुस्तीच्या कामात स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या मार्फत गावच्या बायकांनाच संवाद सहायक नेमले. ज्या बाईने कधी चावडीची पायरी चढली नव्हती ती सिमेंटचे प्रमाण विचारू लागली. देव माणसांत दिसला, असे या सगळ्याबद्दल म्हणायची पद्धत आहे. मला ते अर्धेच पटते. मदत नंतर आली, भिंत आधी पडली. मधल्या काही सेकंदांचे काय, हे मदतीच्या ट्रकांनी भरून येत नाही. भरून आले असे म्हणणे हा त्या गेलेल्यांवर अन्याय होईल.

मग तिथली श्रद्धा टिकली कशी? टिकली ती सगळ्यांची नाही, हे आधी सांगितले पाहिजे. पण त्या साली पितृपंधरवडा संपला आणि घटस्थापना आली. भूकंपाला पुरते तीन आठवडेही झाले नव्हते. घटस्थापना म्हणजे आमच्या खात्याच्या भाषेत उगवण तपासणी. शेतातली माती आणायची, त्यात धान्य पेरायचे, वर पाणी भरलेला घट ठेवायचा आणि नऊ दिवसांत काय उगवते ते बघायचे. रब्बीच्या पेरणीच्या तोंडावर आपल्या आज्यांनी ठेवलेली ही तपासणी आहे, असे मी शेतकरी मेळाव्यात नेहमी सांगतो. तुळजापूरची भवानी ही त्या साऱ्या मुलखाची कुलस्वामिनी. पण घट बसवायला देव्हारा पाहिजे, देव्हाऱ्याला भिंत पाहिजे.

सास्तूरकडच्या एका म्हाताऱ्या बाईंनी सांगितले, "पत्र्याच्या शेडात दगड मांडला, त्याच्यापुढं घट बसवला. सासूबाई असत्या तर त्यांनी बसवला असता. त्या गेल्या, म्हून मी." मी विचारले, देवीवर राग नव्हता? त्या म्हणाल्या, "व्हता की. आरती न्हाई म्हनली त्या साली. नुसता घट बसवला." तिसऱ्या-चौथ्या दिवशी कोंब आले का, असे विचारायचे माझ्या तोंडावर आले होते, पण विचारले नाही. त्याच शेडांच्या रांगेत शेजारच्या घरी घट बसला नव्हता आणि त्यावरून कुणी कुणाला बोलले नाही, असेही त्यांनी सांगितले. मला ही दुसरी गोष्ट जास्त मोठी वाटते. गाव एरवी कशावरून बोलत नाही?

हल्ली दरवर्षी ३० सप्टेंबरला किल्लारीत सरकारी आदरांजली होते, अधिकारी येतात, फुले वाहिली जातात. ती तारीख सरकारची. घरातला दिवस तिथीने येतो, आणि पितृपंधरवड्यात काही घरांत एकाच दिवशी चार-चार, पाच-पाच पाने वाढली जातात. नव्या गावांत सरळ रस्ते आहेत, घरे मजबूत आहेत. तरी उन्हाळ्यात बाहेर बाज टाकून झोपायचे निमित्त जुनी माणसे सोडत नाहीत, आणि नातवंडे हसतात.

त्याच भागातले एक गृहस्थ आहेत, वय साठीच्या पुढे. भूकंपात आई आणि धाकटा भाऊ गेला. तेव्हापासून ते देवळात गेलेले नाहीत, वारीलाही नाहीत, गावच्या सप्त्याची वर्गणी मात्र देतात. तुरीवरच्या मर रोगाचे बोलणे चालू असताना त्यांनीच हे सहज सांगितले. घरात बायको घट बसवते. त्याला माती लागते ती रानातली, आणि रान गावापासून दोन कोस. अमावस्येच्या संध्याकाळी ते स्वतः जातात, वरचे ढेकूळ बाजूला सारून खालची भुसभुशीत माती घेतात, पिशवीत भरून आणतात आणि उंबऱ्याच्या आत ठेवतात. तीस वर्षांत एकदाही दुसऱ्या कुणाला पाठवले नाही, असे त्यांची बायको आतून म्हणाली. ते काहीच बोलले नाहीत. मर रोगाला कोणते वाण टिकते, ते त्यांनी पुन्हा विचारले.