चार मायक्रोसेकंदांचे कोठार

जिनिव्हाजवळ भूगर्भातील २७ किलोमीटर परिघाच्या बोगद्यात ‘सर्न’ संस्थेचे लार्ज हॅड्रॉन कोलायडर हे यंत्र उभारलेले आहे. प्रोटॉनांचे पुंजके त्यात दर २५ नॅनोसेकंदांनी, म्हणजेच सेकंदास ४ कोटी वेळा, परस्परांना छेदावेत अशी त्याची रचना आहे. एवढी सर्व माहिती जतन करणे अशक्यच. बहुतेक टकरी नेहमीच्याच असतात. परंतु दुर्मीळ टक्कर एकदा निसटली की ती पुन्हा हाती लागत नाही.

यावर उपाय म्हणून शोधकयंत्रांच्या इलेक्ट्रॉनिक मंडलांत ‘बफर’, म्हणजे माहितीची तात्पुरती कोठारे, बसविण्यात आली. ‘सीएमएस’ शोधकाच्या रचनेत प्रत्येक नोंद सुमारे ४ मायक्रोसेकंद, म्हणजे जवळजवळ १६० छेदांइतका काळ, रांगेत थांबते. तेवढ्या अवधीत निवड-यंत्रणा आपला निर्णय देते. सेकंदास फार तर १ लाख नोंदी पुढे जातात. उरलेल्यांची जागा नव्या नोंदी घेतात. कोठार भरत आल्यास तशी सूचना जाऊन निवड क्षणभर रोखली जाते.

२०१२ मध्ये जाहीर झालेला हिग्ज बोसॉनचा शोध अशाच गाळणीतून साध्य झाला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचाही ‘सीएमएस’ प्रयोगात सहभाग आहे. यंत्राच्या वर्धित टप्प्यासाठी हा अवधी सुमारे १२.५ मायक्रोसेकंदांपर्यंत वाढविण्याची योजना आहे. निर्णयास वेळ अधिक, म्हणून कोठारही मोठे हवे!