पोराच्या खिशातला दगड फेकू नका

तुमच्या घरात, नाहीतर भावकीत, असं एखादं पोरगं असणारच. शाळा सुटली की सरळ घरी येत नाही. बांधावर बसून मुंगळ्यांची रांग बघतं, ओढ्यात हात घालून खेकड्याचं बीळ चाचपतं, खिसे भरून दगड आणतं. आभाळ भरून आलं की अंगणात मान वर करून उभं राहतं. आई म्हणते, "ह्येला काय याड लागलंय काय?" बाप म्हणतो, "अभ्यास कर, दगडं काय खायाला घालणार हाईत?" आणि खिसा उकिरड्यावर रिकामा होतो.

शेतकरी बंधूंनो, तो खिसा रिकामा करायची घाई करू नका. ह्या पोराच्या डोळ्यांची गरज त्याच्या इतकीच तुमच्या गावालाही आहे. ती कशी, ते सांगतो.

वेड्या राघूची शेपटी

प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्यामागं ज्यांची बुद्धी होती ते अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ आपल्याला माहीत आहेत. त्यांचा मुलगा माधव, जन्म १९४२ चा, पुण्याचा. शाळकरी वयात त्याला पाखरं बघायचा नाद. तारेवर बसणारा हिरवा वेडा राघू तुम्हीही रोज बघता. त्याच्या शेपटीतून सुईसारखी दोन बारीक पिसं पुढं आलेली असतात. ती काही दिवस दिसेनाशी झाली, हे त्या पोरानं हेरलं. वडिलांनी त्याला गप्प बसवलं नाही. पक्षितज्ज्ञ सलीम अली यांना पत्र लिहून विचार म्हणाले. पत्र गेलं, आणि एवढ्या मोठ्या माणसानं पोराला उत्तरही धाडलं: पिसं झडायचा तो काळ आहे, नवी येतात.

पुढं हेच माधव गाडगीळ देशातले नावाजलेले पर्यावरणशास्त्रज्ञ झाले. पश्चिम घाटाबद्दलच्या त्यांच्या समितीचा २०११ चा अहवाल आपल्या डोंगरी भागात वादाचा झाला, तो वाद आज बाजूला ठेवू. गावच्या झाडापाखरांची माहिती गावानंच लिहून ठेवावी, ही कल्पना त्यांनी लावून धरली. ती २००२ च्या जैवविविधता कायद्याच्या अंमलबजावणीत आली आणि प्रत्येक ग्रामपंचायतीला लोक जैवविविधता नोंदवही करणं आलं. बापानं त्या दिवशी पत्र लिहायला लावलं नसतं तर काय झालं असतं, याचा विचार करा.

नाव नसलेला मासा

तुम्ही म्हणाल, आमच्या डोंगरात नवीन काय सापडणार? पिढ्यान् पिढ्या बघतोय आम्ही.

आजरा, गडहिंग्लजच्या रानाला पाणी देणारी हिरण्यकेशी आंबोलीला उगम पावते. उगमाजवळ देऊळ आहे, देवळापुढं कुंड आहे. हजारो भाविक तिथं पाय धुवून आले. त्या पाण्यातल्या एका लहानशा माशाला २०२० साली शास्त्रज्ञांनी नवी जात म्हणून नाव दिलं, तेही नदीच्याच नावावरून. पाठोपाठ २०२१ मध्ये सरकारनं ती जागा जैविक वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. मासा होताच. दिसत सगळ्यांना होता. निरखून बघितला नव्हता, एवढंच.

आपल्या शेजारच्या राधानगरी तालुक्यातही तेच. दाजीपूरच्या जंगलात जमिनीवर, पालापाचोळ्यात राहणाऱ्या एका लहान पालीला २००९ साली कोल्हापूरच्या नावानं शास्त्रीय नाव मिळालं. दाजीपूर १९५८ पासून गव्यासाठी राखलेलं रान. सगळ्यांचं लक्ष गव्याकडं, पाल पायाखालून जात होती.

गारगोटीतली गारगोटी

आता खिशातला दगड. पोरगं म्हणतं, "आबा, ह्यो डायनासोरचा दात हाय." तुम्ही हसता. हसू नका, पण खोटी आशाही लावू नका. त्याला खरं काय ते सांगा.

आपला हा काळा कातळ म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहून थिजलेला लाव्हा. तापलेल्या रसात हाड काय आणि पान काय, टिकणं अवघड. म्हणून आपल्या कातळात जीवाश्म सहसा मिळत नाहीत. लाव्हाचे दोन थर पडताना मधे बराच काळ गेला असेल आणि तिथं तळ्याचा गाळ साचला असेल, तर त्या मधल्या थरात शंख-शिंपले, झाडपाला दगड होऊन राहतो. विदर्भात असे थर आहेत. चंद्रपूर जिल्ह्यात पिसदुऱ्याला डायनासोरचे अवशेष मिळाले, त्यांची दगड झालेली विष्ठासुद्धा. गडचिरोलीत सिरोंचाजवळ वडधमला दगड झालेली झाडं सरकारनं उद्यान करून जपली आहेत.

मग पोराच्या हातात काय आहे? बहुतेक वेळा गारगोटी. आपल्या गावाच्या नावाचाच दगड. लाव्हा थिजताना त्यात पोकळ्या राहिल्या, त्यांत पाणी झिरपलं आणि त्या पाण्यातून हे पांढरे, चकाकणारे खडे बनले. कधी दगड फोडल्यावर आत नेच्याच्या पानासारखी काळी नक्षी दिसते. ती बहुधा पानाची नसते. भेगेत उतरलेल्या मँगनीजची असते. एवढं सांगितलं तरी पोरगं दुसऱ्या दिवशी दहा दगड जास्त आणेल. आणू दे. प्रत्येकावर चिठ्ठी लावायला सांगा: कुठल्या शेतात, किती खोलीवर, कधी मिळाला. चिठ्ठी नसलेला दगड नुसता दगडच राहतो.

डब्यातला पाऊस

आभाळ बघणाऱ्या पोराला एक काम द्या. तोंड आणि बूड सारख्या मापाचा, दीड वीत उंच, उभ्या कडांचा डबा घ्या. घर आणि झाडापासून लांब, मोकळ्यावर ठेवून दगडांनी पक्का करा. रोज सकाळी साडेआठला पट्टी बुडवून पाणी किती मिलिमीटर ते लिहायचं आणि डबा रिकामा करायचा. झाला पर्जन्यमापक.

एक मिलिमीटर पाऊस म्हणजे गुंठ्याला सुमारे शंभर लिटर, एकराला चार हजार लिटर पाणी. हा हिशेब पोरगं तुम्हाला करून दाखवेल. पाटगावच्या अंगाला कोसळतो तसा पाऊस गारगोटीला पडत नाही, हे वेदगंगेकाठच्या माणसाला सांगायला नको. पण अतिवृष्टी धरताना मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला का, हे बघितलं जातं. डब्याची नोंद सरकारी पुरावा होणार नाही. मात्र आपल्या शिवारात खरोखर किती पडला, हे पाच वर्षांनी दाखवायला गावाकडं दुसरं काय आहे?

त्याच वहीत पहिला पावशा कधी ओरडला, काजवे कुठल्या दिवशी दिसले, टिटवीनं अंडी कुठं घातली, गवा उसात कधी शिरला, तेही लिहावं. टिटवीची अंडी उंचावर तर पाऊस जादा, असं जुनी माणसं सांगतात. खरं का खोटं, वहीच सांगेल.

एक मात्र बजावून सांगा. नाग, मण्यार, घोणस, फुरसं यांना हात लावायचा नाही, लांबूनच बघायचं. रानातलं जनावर किंवा पिल्लू घरी आणायचं नाही, १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं तो गुन्हा होऊ शकतो.

सरपंच आणि अधिकाऱ्यांसाठी दोन शब्द

लोक जैवविविधता नोंदवह्यांसाठी राष्ट्रीय हरित लवादानं जानेवारी २०२० अखेरची मुदत घातली होती. मुदत आली की कामाची पळापळ कशी होते, तुम्ही जाणताच. आपल्या ग्रामपंचायतीच्या कपाटातली ती नोंदवही एकदा काढून बघा. तिच्यात तुमच्या शिवाराची झाडं आहेत, की कुठल्याही गावाला चालेल अशी यादी आहे? ती नोंदवही एकदा लिहून मिटायची नसते, भर घालत राहायची असते. आणि भर घालणारा माणूस शोधायला तालुक्याला जावं लागत नाही. तो सहावी-सातवीत शिकतोय. जैवविविधता व्यवस्थापन समितीच्या बैठकीला अशा दोन पोरांना आणि त्यांच्या गुरुजींना वहीसकट बोलवा. सोबत गुरं राखणारा म्हातारा आणि रानभाजी ओळखणारी म्हातारी बसवा. पोरानं विचारायचं, म्हाताऱ्यांनी सांगायचं, गुरुजींनी लिहायचं.

खेड्यातल्या पोराला खेड्यातच चांगलं शिक्षण मिळावं म्हणून डॉ. जे. पी. नाईक यांनी आपल्या गारगोटीत श्री मौनी विद्यापीठ उभं केलं. त्या गावात पोरांच्या प्रश्नाला उत्तर मिळू नये, हे बरं दिसत नाही. उत्तर येत नसेल तर "मला ठाऊक नाही, विचारू या कुणाला तरी" म्हणा. धनंजयरावांनीही तेवढंच केलं होतं.

आज संध्याकाळी पोरगं खिसा फुगवून आलं, तर उकिरड्याकडं बोट दाखवू नका. एक चाळीस पानी वही आणि पेन्सील हातात द्या.