तडा शोधणाऱ्याच्या पोटातला तडा

२८ फेब्रुवारी २०२४ रोजी यवतमाळच्या कार्यक्रमात वर्धा–कळंब ब्रॉडगेज मार्गाचे लोकार्पण झाले. शकुंतला या नॅरोगेज गाडीच्या अडीच फुटी रुळांची सवय असलेल्या जिल्ह्यात वर्धा–यवतमाळ–नांदेड मार्गाचा पहिला टप्पा धावू लागला. नवे रूळ आले की त्यांची राखणही आली. चावीवाला रोज चालत जातो, सैल चाव्या ठोकतो, वरचा तडा त्याला दिसतो. पोलादाच्या पोटातला दिसत नाही.

तो शोधायला रेल्वेकडे अल्ट्रासोनिक ट्रॉली असते. हाताने ढकलायची गाडी, पाण्याची टाकी, एक पडदा आणि तळाशी रुळाला टेकलेले प्रोब. प्रोबमधून निघालेला ध्वनी पाण्याच्या पातळ थरातून रुळात शिरतो, तड्यावर आपटून परततो आणि पडद्यावर शिखर उठते.

प्रोबचा प्राण म्हणजे पीझेडटीची चकती. शिसे, झिर्कोनियम आणि टायटॅनियम यांच्या ऑक्साइडचे हे सिरॅमिक. घरातल्या गॅस लायटरमध्ये ठिणगी पाडतो तो तुकडाही याच कुळातला. दाबले की वीज देते, वीज दिली की आकार बदलते. पण चिवटपणात ती जवळजवळ काचेच्याच पंक्तीला बसते.

आणि तिला वीजच फोडू शकते.

चकती बनवताना जोरदार विद्युतक्षेत्र देऊन तिच्यातले सूक्ष्म विद्युतप्रदेश एका दिशेला वळवतात; याला पोलिंग म्हणतात. पुढे उलटसुलट क्षेत्र पुरेसे तीव्र झाले की हे प्रदेश पुन्हा वळू लागतात. प्रत्येक वळणाबरोबर त्यांची लांबी-रुंदी किंचित बदलते. तड्याच्या टोकाशी क्षेत्र एकवटते, कारण तड्यातल्या हवेपेक्षा सिरॅमिकचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक हजारपटींच्या घरात असतो. तिथले प्रदेश वळतात, बाजूचे जागचे हलत नाहीत; या ओढाताणीत तडा प्रत्येक फेऱ्यात थोडा सरकतो. काओ आणि इव्हान्स यांनी १९९४ मध्ये हे दाखवले. उलटसुलट क्षेत्र प्रदेश उलटवणाऱ्या मर्यादेच्या आसपास पोचले, की बाहेरून भार नसतानाही तडा वाढतो.

स्थिर क्षेत्राची गोष्ट जास्त गमतीची आहे. जुन्या रेषीय सिद्धांताचे गणित सांगत होते, की क्षेत्र कोणत्याही दिशेचे असो, ते तडा रोखणारच. १९९५ मध्ये पर्ड्यू विद्यापीठात पार्क आणि सन यांनी तुकडे मोडून पाहिले. पोलिंगच्या दिशेने क्षेत्र दिले तर तुकडा कमी भारात मोडला, उलट दिले तर जास्त सोसला. पुढे इतरांचे प्रयोगही एकमेकांशी जुळले नाहीत. कागदावरचे सूत्र एवढे सुबक असूनही सिरॅमिकने त्याला जुमानले नाही, हे पाहून थोडे बरे वाटते.

मग ट्रॉलीतली चकती विजेनेच फुटते का? हिशेब करून पाहा. २ मेगाहर्ट्झची चकती साधारण १.१ मिलिमीटर जाड असते. ३०० व्होल्टचा स्पंद दिला तर क्षेत्र मिलिमीटरला पाव किलोव्होल्टच्या आसपास. ‘मऊ’ म्हणजे प्रदेश सहज वळणाऱ्या पीझेडटीची ती उलटवणारी मर्यादाही मिलिमीटरला साधारण एक किलोव्होल्टची. म्हणजे वीज बरीच निर्दोष सुटते. विदर्भाचे ऊनही निर्दोष: पंचेचाळीस अंशांनी काही बिघडत नाही, चकतीचे गुण पूर्ण हरपायला साडेतीनशे अंशांच्या आसपास तापमान लागते. संशय घ्यायचा तो आपटण्यावर, ठोकरीवर आणि सुटलेल्या चिकटवणीवर.

खरी पंचाईत वेगळी आहे. सरळ खाली पाहणाऱ्या शून्य अंशाच्या प्रोबला रुळाच्या तळाचा प्रतिध्वनी सतत मिळतो. चकती मेली तर तो नाहीसा होतो आणि माणूस सावध होतो. रुळाच्या माथ्यातला आडवा तडा, म्हणजे रूळ तोडणारा तडा, शोधतो तो सत्तर अंशांचा प्रोब. चांगल्या रुळातून त्याच्याकडे काहीच परत येत नाही. मेलेल्या चकतीतूनही काहीच येत नाही. पडदा दोन्ही वेळा सारखाच कोरा.

म्हणूनच तपासणीआधी ट्रॉली मुद्दाम छिद्र पाडलेल्या रुळाच्या तुकड्यावर चालवतात. तिथे शिखर उठले नाही, तर त्या प्रोबने रूळ तपासायचा नाही.