मनाची आणीबाणी : मदत आपल्याच गावात असते

घरातल्या माणसाचे मन अचानक ढासळले की कुटुंब गोंधळते, गोष्ट लपवते आणि मोलाचा वेळ घालवते. कुठे जायचे हे आधीच ठाऊक असेल, तर हा वेळ वाचतो आणि कित्येकदा जीवही.

घरात कुणाच्या छातीत कळ आली तर काय करायचे, हे शाळेत जाणाऱ्या मुलालाही ठाऊक असते. शेजारी धावत येतात, कुणी गाडी काढतो, कुणी हॉस्पिटलला फोन लावतो. पण त्याच घरातला तरुण मुलगा चार रात्री झोपलेला नाही, एकटाच कुणाशी तरी बोलतो आहे, ‘मला मारायला माणसे आली आहेत’ म्हणून पुन्हा पुन्हा कड्या लावतो आहे, तेव्हा काय होते? आधी खिडक्या बंद होतात. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून टीव्ही मोठा केला जातो. गावाकडच्या मामांना फोन जातो. कुणी अंगारा सुचवते, कुणी म्हणते, ‘लग्न लावून द्या, आपोआप ठीक होईल.’ डॉक्टरचे नाव सर्वांत शेवटी निघते.

हा उशीर एखाद्या घरापुरता नाही. बंगळुरूच्या निम्हान्स या संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. त्यात १०.६ टक्के प्रौढांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार असल्याचे आढळले. उपचार न मिळालेल्यांचे प्रमाण निरनिराळ्या विकारांत ७० ते ९२ टक्के होते. तज्ज्ञ कमी आहेत हे खरेच. पण जी मदत जवळ आहे तिच्यापर्यंतही माणसे पोहोचत नाहीत, हे त्याहून मोठे दुर्दैव. त्यामागे लाज असते, भीती असते आणि बऱ्याचदा केवळ पत्ता ठाऊक नसतो.

लाजेची मुळे तर आपल्या बोलण्यातच आहेत. पुण्यात कुणाची थट्टा करायची तर ‘येरवड्याला पाठवा’ म्हणतात, मुंबईकर ‘ठाण्याला’ म्हणतात, हिंदी मुलखात आग्रा आणि रांची या गावांची नावे त्याच अर्थाने घेतली जातात. जिथे उपचार मिळतात त्या गावाचे नावच शिवीसारखे वापरले गेले, तर आपल्या माणसाला तिथे न्यायला पाय कसा उचलणार?

आणीबाणी ओळखायची कशी?

प्रत्येक उदासी म्हणजे आणीबाणी नव्हे. परीक्षेत नापास झाल्यावर रडणारी मुलगी किंवा नोकरी गेल्यावर गप्प झालेला नवरा यांना आधी घरच्यांचा आधार हवा असतो. पण माणूस जीव देण्याची भाषा करू लागला, आवडत्या वस्तू वाटून टाकू लागला, निरवानिरव करू लागला, तर थांबू नये. ज्याला इतरांना न ऐकू येणारे आवाज ऐकू येतात, जो कित्येक दिवस झोपत किंवा खात नाही, ज्याच्या हातून स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा होईल असे वाटते, त्यालाही त्याच दिवशी डॉक्टरकडे न्यायला हवे.

बाळंतिणीकडे विशेष लक्ष द्यावे. बाळंतपणानंतर थोडे रडू येणे नेहमीचे आहे. पण पहिल्या काही आठवड्यांत ती असंबद्ध बोलू लागली, झोप पूर्ण उडाली, बाळाबद्दल विचित्र शंका घेऊ लागली, तर ‘बाहेरची बाधा’ म्हणून उतारा टाकत बसू नये. हा गंभीर आजार आहे आणि तो उपचाराने बरा होतो. डॉक्टर तपासेपर्यंत बाळाला आणि आईला एकटे सोडू नये.

वृद्ध माणूस एकाएकी बरळू लागला, तर त्याचे कारण मनाऐवजी शरीरात असू शकते. ताप, रक्तातली साखर उतरणे, क्षार कमी होणे, डोक्याला मार लागणे यांनीही माणूस भ्रमिष्टासारखा वागतो. रोज दारू पिणाऱ्याने ती एकदम सोडली तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्याला भास होऊ शकतात. यातले काही प्रकार प्राणावर बेतणारे असतात. म्हणूनच पहिली तपासणी सर्व सोयी असलेल्या रुग्णालयात व्हावी.

पहिले दार सरकारी रुग्णालयाचे

अनेकांना वाटते की मनाच्या आजारासाठी थेट मनोरुग्णालयच गाठावे लागते. तसे नाही. अशा वेळी पहिले दार म्हणजे जवळचे जिल्हा रुग्णालय किंवा वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय. तिथला अपघात विभाग रात्रीही उघडा असतो. मानसोपचारतज्ज्ञ त्या क्षणी हजर नसले तरी तिथले डॉक्टर रुग्णाला तपासून शांत करू शकतात आणि पुढे पाठवू शकतात. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ मध्ये सुरू झाला. आता तो सातशेहून अधिक जिल्ह्यांसाठी मंजूर आहे. सगळीकडे तो सारख्याच जोमाने चालत नाही. म्हणूनच आपल्या जिल्ह्यात मानसोपचाराची ओपीडी कोणत्या वारी असते, हे आधीच विचारून ठेवावे.

घराजवळचे फॅमिली डॉक्टरही कामी येतात. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार रुग्णाच्या किंवा इतरांच्या जिवाला धोका असेल, तर कोणताही नोंदणीकृत डॉक्टर तातडीचे उपचार सुरू करू शकतो. हे उपचार साधारणतः ७२ तासांपर्यंत देता येतात. रुग्णाला पुढच्या रुग्णालयात नेण्याची व्यवस्थाही त्यातच येते. तेव्हा ‘हे माझे काम नाही’ असे उत्तर मिळाले, तर शांतपणे या तरतुदीची आठवण करून द्यावी.

मोठी मनोरुग्णालये त्यापुढची. महाराष्ट्रात पुणे, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. गोव्यात बांबोळीला मानसोपचार आणि मानवी वर्तन संस्था आहे. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी कुटुंबांनाही फार दूर जावे लागत नाही. इंदूर, ग्वाल्हेर, वडोदरा, हैदराबाद, दिल्ली येथे सरकारी संस्था आहेत. बेळगावकरांना धारवाड जवळ पडते आणि बंगळुरूला निम्हान्स आहे.

फोनवरचा आवाज, तोही मराठीत

परप्रांतात राहणाऱ्यांची एक निराळी अडचण असते. दुकानात, ऑफिसात तिथली भाषा चालते, पण मन मोडते तेव्हा माणूस मायबोलीतच बोलतो. बडोद्यातल्या किंवा हैदराबादेतल्या मराठी आजीने आपली घालमेल कुठल्या भाषेत सांगावी? केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ रोजी, जागतिक मानसिक आरोग्य दिनी, टेलि-मानस ही सेवा सुरू केली. १४४१६ हा तिचा क्रमांक. फोन विनामूल्य आहे, दिवसरात्र लागतो आणि मराठीसह २० भाषांत बोलता येते. आधी प्रशिक्षित समुपदेशक बोलतात. गरज वाटली तर ते तज्ज्ञांशी जोडून देतात आणि जवळ कुठे उपचार मिळतील तेही सांगतात. हा फोन रुग्णानेच करायला हवा असे नाही. घाबरलेली आई, बहीण, मित्र, कुणीही करू शकते.

जिवाला तातडीचा धोका असेल तर मात्र फोनवर सल्ला घेत बसू नये. ११२ हा आपत्कालीन क्रमांक लावावा. महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी १०८ आहे.

मदत येईपर्यंत

घरातल्या एकानेच रुग्णाशी बोलावे. दहा जणांनी भोवती घोळका करून उपदेश केला की घाबरलेला माणूस आणखी बिथरतो. आवाज खाली ठेवावा. ‘असे काही नाहीये, तुला भास होतोय,’ असा वाद घालू नये आणि त्याच्या भासाला होही म्हणू नये. ‘तुला खूप भीती वाटतेय ना? मी इथेच आहे,’ एवढे पुरे. औषधांचा डबा, कीटकनाशके, धारदार वस्तू गुपचूप दुसरीकडे हलवाव्यात. त्याला एकटे सोडू नये.

जीव देण्याविषयी विचारले तर तो विचार डोक्यात भरेल, अशी भीती घरच्यांना वाटते. ती खरी नाही. ‘जगणे नकोसे झालेय का? जीव द्यावासा वाटतो का?’ असे मायेने, स्पष्ट विचारले तर बहुतेकांना मोकळे वाटते. ‘आमचा तरी विचार कर’, ‘लोक काय म्हणतील’ ही वाक्ये मात्र टाळावीत. ओझ्याखाली दबलेल्या माणसावर ती आणखी ओझे टाकतात.

डॉक्टरकडे जाताना एका कागदावर थोडक्यात टिपून न्यावे : त्रास कधीपासून आहे, झोप-जेवण कसे आहे, कोणती औषधे चालू आहेत, व्यसन आहे का, पूर्वी असे झाले होते का, घराण्यात कुणाला होते का. धावपळीत यातले निम्मे आठवत नाही.

कायदा रुग्णाच्या बाजूने आहे

‘हॉस्पिटलात नेले तर पोलीस केस होईल,’ या धास्तीने जीव देण्याचा प्रयत्न केलेल्या माणसालाही कुटुंबे घरीच लपवतात. २०१७ च्या कायद्याने हे चित्र बदलले. असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र मानसिक ताणाखाली होता असेच आता कायदा मानतो. त्याची काळजी घेणे, त्याच्यावर उपचार करणे आणि त्याचे पुनर्वसन करणे ही सरकारची जबाबदारी ठरवली आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. तिच्यात जुने ३०९ कलम उरलेलेच नाही.

‘शॉक देतील’ ही दुसरी भीती. भूल आणि स्नायू शिथिल करणारे औषध दिल्याशिवाय विजेचे उपचार करायला कायद्याने बंदी आहे. रुग्णाला साखळीने बांधणे हाही कायद्याचा भंग आहे, मग ते कुठेही घडो. रस्त्यावर भरकटलेला रुग्ण पोलिसांना आढळला, तर त्याला कोठडीत डांबता येत नाही, २४ तासांच्या आत जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात न्यावे लागते. आजाराची माहिती गुप्त ठेवली जाण्याचा हक्क रुग्णाला आहे. दारिद्र्यरेषेखालील आणि बेघर रुग्णांना सरकारी ठिकाणी विनामूल्य उपचारांचा हक्क आहे.

रुग्ण स्वतः निर्णय घेण्याच्या स्थितीत नसेल, तर त्याच्या प्रतिनिधीच्या अर्जावरून त्याला दाखल करता येते. त्याआधी मानसोपचारतज्ज्ञासह दोन जाणकारांनी त्याला स्वतंत्रपणे तपासावे लागते आणि पहिली मुदत ३० दिवसांची असते. माणूस नकोसा झाला म्हणून त्याला कायमचे आत टाकता येत नाही.

अंगारा नको, साखळी तर नकोच

६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतल्या एरवाडी येथे पहाटे आग लागली. दर्ग्याच्या आसऱ्याने चालणाऱ्या एका निवाऱ्यात मनोरुग्णांना साखळ्यांनी बांधून ठेवले होते. त्यांना पळता आले नाही. २८ जणांचा बळी गेला. त्यांच्या घरच्यांनी त्यांना बरे व्हावे म्हणूनच तिथे आणले होते. श्रद्धेला कुणाची हरकत नाही. देवापुढे दिवा लावावा आणि डॉक्टरचे औषधही द्यावे. पण भूत उतरवतो म्हणून बांधणे, चाबकाने मारणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. त्याला ६ महिन्यांपासून ७ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

वादळ शमल्यानंतर

दोन आठवड्यांत रुग्ण शांत झाला की घरचे औषध बंद करतात. पुढच्या संकटाची सुरुवात बऱ्याचदा इथेच होते. औषध किती दिवस घ्यायचे हे डॉक्टरच ठरवतील. मानसोपचारतज्ज्ञ हे औषध देणारे डॉक्टर असतात. मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशक बोलण्यातून, निरनिराळ्या तंत्रांनी मदत करतात. पुष्कळदा दोघांचीही गरज लागते.

सांभाळणाऱ्यालाही आधार हवा. घरात बहुधा एकच बाई, म्हणजे आई, बायको किंवा सून, हे सारे निभावते आणि तिची विचारपूस कुणी करत नाही. पुण्यातील स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन रुग्णांच्या कुटुंबीयांना एकत्र आणते. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये उभारलेली आयपीएच ही संस्था मनाच्या आरोग्यावर काम करते. पुण्याचे मुक्तांगण १९८६ पासून व्यसनमुक्तीसाठी झटते आहे. रस्त्यावर हरवलेल्या मनोरुग्णांना बरे करून घरी पोहोचवणारे कर्जतच्या श्रद्धा संस्थेचे डॉ. भरत वाटवानी यांना २०१८ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. सारख्याच दुःखातली माणसे एकत्र बसली की ‘हे फक्त आमच्याच नशिबी’ ही समजूत गळून पडते.

आजच लिहून ठेवा

गॅसच्या नंबराशेजारी किंवा कॅलेंडरच्या मागे एक कागद चिकटवा. त्यावर पाच गोष्टी असाव्यात :

● टेलि-मानस १४४१६ आणि आपत्कालीन ११२.
● जवळच्या जिल्हा किंवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयाचा पत्ता, फोन आणि मानसोपचार ओपीडीचे वार.
● आपल्या गावातील किंवा तालुक्यातील एका मानसोपचारतज्ज्ञाचे नाव आणि फोन.
● रात्री-अपरात्री गाडी घेऊन येईल आणि चार ठिकाणी बोलणार नाही, अशा एका शेजाऱ्याचा नंबर.
● घरातल्या प्रत्येकाच्या चालू औषधांची नावे.

हा कागद लिहायला अर्धा तास पुरतो. तो घरात सर्वांदेखत लिहावा, मुलांनाही दाखवावा. मनाच्या दुखण्याविषयी या घरात बोलता येते, हे त्यांना त्यातून कळेल. मग उद्या एखाद्याच्या मनाला असह्य झाले, तर ते कुणाला सांगायचे हा प्रश्न त्याला पडणार नाही.