नळ, महापालिका आणि विधानसभा

मुळशी तालुक्यांतील सूस, महाळुंगे व बावधन बुद्रुक हीं गांवें ३० जून २०२१ रोजीं पुणें महानगरपालिकेंत समाविष्ट झालीं. ग्रामपंचायती गेल्या, कराचीं बिलें महापालिकेचीं येऊं लागलीं. पाणी मात्र त्या वेगानें आलें नाहीं. विलीनीकरणानंतरहि तेथील कित्येक गृहसंकुलें टँकरवर दिवस काढीत राहिलीं. पुण्यास ज्या धरणांचें पाणी मिळतें त्यांतील टेमघर धरण याच तालुक्यांत, मुठा नदीवर आहे, हें ध्यानांत घेतलें म्हणजे या प्रकाराचा चमत्कारिकपणा अधिकच जाणवतो.

अशा वेळीं गृहस्थापुढें प्रश्न उभा राहतो कीं, दाद कोणाकडे मागावयाची? मार्च २०२२ मध्यें महापालिकेची मुदत संपली आणि पुढें तीन वर्षांहून अधिक काळ कारभार प्रशासकाच्या हातीं होता; तोंवर नगरसेवक हा इसमच नव्हता. विधानसभेपुरतीं हीं गांवें भोर मतदारसंघांत मोडतात, कारण स्वतंत्र मुळशी मतदारसंघ २००८ च्या पुनर्रचनेंत नाहींसा झाला. म्हणजे नळ शहराचा आणि आमदार डोंगरी तालुक्यांचा! त्या आमदाराकडून पाण्याच्या बाबतींत काय मागतां येतें, हें समजण्यास कायद्याच्या पुस्तकापेक्षां मुंबईच्या एका बाईंचें चरित्र अधिक उपयोगी पडतें.

मृणाल गोरे यांचें गोरेगांव हेंहि एके काळीं ग्रामपंचायतीचेंच गांव. १९५७ सालीं मुंबई महापालिकेची हद्द दहिसर-मुलुंडपर्यंत वाढली, तेव्हां तें शहरांत आलें. नांव शहराचें मिळालें, पण सोयी मागाहून आणि त्याहि भांडून मिळवाव्या लागल्या. मृणालताईंचा जन्म १९२८ चा. राष्ट्र सेवा दलाच्या कार्यापायीं त्यांनीं वैद्यकीचें शिक्षण अर्धवट सोडलें. १९४८ सालीं समाजवादी कार्यकर्ते केशव ऊर्फ बंडू गोरे यांच्याशीं त्यांचा विवाह झाला. दहा वर्षांतच पतीचें निधन झालें आणि लहान मुलीसह संसाराचा भार एकटीवर आला. १९६१ सालीं त्या महापालिकेवर निवडून गेल्या. हंडे घेतलेल्या बायकांचे मोर्चे त्यांनीं कचेऱ्यांवर नेले, अधिकाऱ्यांना घेराव घातले, आणि लोकांनीं त्यांना ‘पाणीवाली बाई’ हें नांव देऊन टाकलें. दुसऱ्या कोणत्याहि पदवीपेक्षां हें नांव टिकाऊ ठरलें.

येथें एक गोष्ट नीट पाहिली पाहिजे. झोंपडपट्टींतील बाईला नळ मिळत नसे तो केवळ जलवाहिनी नव्हती म्हणून नव्हे. झोंपडी अनधिकृत, तेव्हां तींत राहणाऱ्याची तहानहि अनधिकृत, असा सरकारी हिशेब होता. जलवाहिनी कोठून न्यावी, नळ कोठें बसवावा, हें महापालिका ठरविते. शहरास धरणाचें किती पाणी द्यावयाचें, जमीन कोणत्या कामासाठीं राखावयाची, गरिबाच्या घरास कायद्याचें संरक्षण मिळावें कीं नाहीं, हें राज्य ठरवितें. नगरसेविकेचा हात पहिल्या गोष्टीपर्यंत पोंचतो; दुसरीसाठीं विधानसभेचा दरवाजा ठोठावावा लागतो. १९७२ सालीं मृणालताई मुंबईच्या उपनगरांतून समाजवादी पक्षातर्फें आमदार झाल्या, त्या बदलाचा खरा अर्थ हा.

सभागृहांत आमदाराजवळ हत्यारें मोजकींच असतात: तारांकित प्रश्न, लक्षवेधी सूचना, अर्थसंकल्पावरील भाषण, अशासकीय विधेयक. विरोधी बाकांवरच्या आमदाराचें विधेयक सहसा मंजूर होत नाहीं. तरी तें फुकट जातें असें नव्हे. गर्भजलपरीक्षा करून मुलीचा गर्भ पाडण्याच्या प्रकाराविरुद्ध महिला संघटनांनीं आवाज उठविला, तेव्हां मृणालताईंनीं तो प्रश्न विधेयकाच्या रूपानें सभागृहांत नेला. पुढें १९८८ सालीं महाराष्ट्र शासनानें या परीक्षांवर निर्बंध घालणारा कायदा केला. देशांतील हा असा पहिलाच कायदा. मध्यवर्ती कायदा होण्यास १९९४ साल उजाडलें.

सभागृहाबाहेरचें बळ मात्र त्यांनीं कधीं सोडलें नाहीं. १९७२ च्या दुष्काळांत अहिल्या रांगणेकर, तारा रेड्डी, कमल देसाई यांच्यासह त्यांनीं महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी केली, आणि लाटणें हें मध्यमवर्गीय स्वयंपाकघरांतलें साधन मोर्चाचें निशाण झालें. आमदारानें रस्त्यावर उतरावें हें कांहीं सभ्य गृहस्थांना रुचलें नाहीं. परंतु ज्या प्रश्नामागें रस्त्यावर माणसें उभीं नसतात, त्याचें मंत्र्याकडून मिळणारें उत्तर बहुधा ‘माहिती गोळा करण्यांत येत आहे’ एवढेंच असतें, हा अनुभवहि जुनाच आहे.

आणीबाणींत त्यांनीं तुरुंगवास भोगला. १९७७ सालीं त्या उत्तर मुंबईंतून लोकसभेवर गेल्या आणि १९८५ सालीं पुन्हां विधानसभेंत आल्या. तेथें कांहीं काळ विरोधी पक्षनेतेपदहि त्यांच्याकडे होतें. याच काळांतलें त्यांचें मोठें काम म्हणजे नागरी निवारा परिषदेचें. १९७६ च्या नागरी जमीन कमाल धारणा कायद्यानें जादा ठरणारी जमीन सामान्यांच्या घरांसाठीं मिळावी, या मागणीसाठीं बाबूराव सामंत आदि सहकाऱ्यांसह त्यांनीं सरकारदरबारीं आणि न्यायालयांत वर्षानुवर्षें झगडा दिला. गोरेगांवजवळ दिंडोशी येथें त्यांतून हजारों कुटुंबांचीं घरें उभीं राहिलीं. कायदा आधीं कागदावर होताच. तो अंमलांत आणून घेणारें कोणी तरी हवें होतें. १७ जुलै २०१२ रोजीं मृणालताई निवर्तल्या.

सूस-बावधनच्या रहिवाशास यांतून आपल्या अर्जांची वांटणी करतां येईल. जलवाहिनी, टाकी व टँकर यांची तक्रार महापालिकेकडे जावी. परंतु हद्द वाढली त्या प्रमाणांत धरणांतला वांटा वाढला कीं नाहीं, आणि नव्या गांवांच्या पाणीयोजनेस राज्य पैसा किती देणार, हे दोन प्रश्न महापालिकेच्या खिडकीवर सुटणारे नाहींत; ते भोरच्या आमदारानेंच अधिवेशनांत विचारावयाचे आहेत, आणि त्याला ते लेखी कळवून उत्तराची नक्कल मागण्याचा हक्क मतदारास आहे.