चिक, चिकाटी आणि २१ दिवस!

गणपतीला मोदक किती? २१. दुर्वा किती? २१. आणि कोंबडीच्या अंड्यातून पिल्लू बाहेर यायला दिवस किती? बरोब्बर, २१! योगायोगच, पण लक्षात ठेवायला यापेक्षा सोपी युक्ती नाही. बदकाला मात्र २८ दिवस लागतात, टर्कीलाही २८. मस्कोव्ही बदक सगळ्यांत निवांत, तब्बल ३५! आणि चिमुकली जपानी बटेर १७-१८ दिवसांतच मोकळी होते.

माहीत आहे का, आपल्याकडे पक्ष्याला ‘द्विज’ का म्हणतात? दोनदा जन्मतो म्हणून! एकदा अंडं होऊन, एकदा अंड्यातून. आता थांबा, खरी गंमत पुढे आहे. ‘द्विज’ म्हणजे दातसुद्धा. आणि पिल्लू कवच फोडतं तेही चक्क ‘दाता’ने! चोचीच्या टोकावर पांढरा, टोकदार कण असतो, तो म्हणजे एग टूथ. काम फत्ते झालं की काही दिवसांत गळून पडतो. एवढी बायॉलॉजी एका शब्दात कोंबणारी भाषा आपली!

दुकानातलं अंडं उबेल का?

किराणा दुकानातल्या ट्रेमधलं? नाही उबणार. लेअर फार्मवर कोंबडाच नसतो. कोंबडी कोंबड्याशिवायही अंडी देते, फक्त त्यात पिल्लू नसतं. उबवायला फर्टाइल अंडीच हवीत, म्हणजे ज्या कळपात कोंबडा मिरवतोय तिथली.

अपवाद ऐकायचाय? २०२० च्या लॉकडाऊनमध्ये ब्रिटनमध्ये एका बाईंनी सुपरमार्केटमधून बदकाची अंडी आणली, सहज इन्क्युबेटरमध्ये ठेवली आणि महिन्याभरात घरात पिल्लांचा कलकलाट! बदकांच्या कळपात नर घुसलेला असू शकतो ना.

हे माहीत आहे का? कोंबडी रोज फार तर एक अंडं घालते. म्हणजे दहा अंडी जमायला दहा-बारा दिवस गेले. मग पहिलं पिल्लू आधी आणि शेवटचं दहा दिवसांनी यायला हवं, नाही का? तसं होत नाही. ऊब मिळेपर्यंत आतला जीव ‘पॉज’वर असतो! अंडं बाहेर पडतं तेव्हा त्यात हजारो पेशी तयार असतात. अंडं थंड झालं की सगळं काम थांबतं, आणि कोंबडी ठाण मांडून बसली की सगळ्यांचं ‘प्ले’ बटण एकदम दाबलं जातं. पण पॉजलाही एक्स्पायरी डेट आहे. उबवायची अंडी थंड जागी, साधारण आठवडाभरच ठेवावीत. फ्रिजमध्ये तर नकोच.

पापणीचा थर्मामीटर

पंखा असलेल्या इन्क्युबेटरमध्ये तापमान ठेवायचं ३७.५ अंश सेल्सिअस. आता सांगा, थर्मामीटर नव्हता तेव्हा लोक काय करत? इजिप्तमध्ये मातीच्या विटांच्या मोठाल्या भट्ट्यांत हजारो अंडी एका वेळी उबवत. तिथले कारागीर अंडं उचलून डोळ्याच्या पापणीला लावत. पापणीची कातडी नाजूक, लगेच कळे: गरम झालंय, की शेकोटी वाढवायला हवी. हे कसब बाप मुलाला शिकवी. अठराव्या शतकातला फ्रेंच शास्त्रज्ञ रेओमूर या भट्ट्यांवर इतका खूश झाला, की इजिप्तने पिरॅमिडपेक्षा यांचा अभिमान बाळगावा असं त्याने लिहून ठेवलं.

आपल्याकडची भट्टी म्हणजे थर्माकोलचा खोका! त्यात ४० वॉटचा पिवळा बल्ब, जुन्या कॉम्प्युटरचा छोटा पंखा, थर्मोस्टॅट आणि कोपऱ्यात पाण्याची वाटी. झाला इन्क्युबेटर. वाटी शोभेची नाही हं. पहिले १८ दिवस आर्द्रता ५० ते ५५ टक्के हवी, शेवटचे तीन दिवस ६५ ते ७०.

लाइट गेली तर? अजिबात घाबरू नका. खोका जाड गोधडीत गुंडाळा आणि झाकण उघडू नका. तास-दोन तासांचा गारवा अंडी सहन करतात. कोंबडीसुद्धा रोज थोडा वेळ दाणापाण्याला उठतेच की! धोका थंडीपेक्षा उष्णतेचा जास्त. पारा ४० च्या वर गेला, तर थोड्या वेळात होत्याचं नव्हतं होतं. म्हणून खोका खिडकीतल्या उन्हात कधीच ठेवू नका.

माणूस बसला अंड्यांवर!

खरंच बसला. २०१७ मध्ये पॅरिसच्या ‘पॅले द तोक्यो’ या कलादालनात अब्राहम प्वांशवाल नावाचा कलाकार काचेच्या खोलीत, ब्लँकेट पांघरून अंड्यांवर बसला. तीन आठवडे! खाली दहा अंडी, आणि त्यातली नऊ फुटली. नव्वद टक्के मार्क! भल्याभल्या मशीनना हा स्कोअर जमत नाही.

त्याच्याही दोन हजार वर्षं आधीची गोष्ट. पुढे रोमन सम्राट ऑगस्टसची बायको झालेली लिव्हिया तेव्हा पहिल्या नवऱ्यापासून गरोदर होती. मुलगा की मुलगी हे कळावं म्हणून तिने म्हणे एक अंडं छातीशी धरून उबवलं. निघाला कोंबडा, आणि तिला झाला मुलगा, पुढचा सम्राट टायबेरियस. रोमन लेखकांनी ही कथा नोंदवून ठेवली आहे.

लगेच पुढचा प्रश्न: टोकदार अंड्यातून कोंबडा आणि गोल अंड्यातून कोंबडी? गावोगावी ऐकायला मिळतं, पण तसं काही नसतं. नर-मादी ठरतं अंडं तयार होतानाच, आणि ठरवते कोंबडी! माणसात बापाकडून ठरतं, पक्ष्यांत आईकडून. सुनेला बोल लावणाऱ्यांना ही दोन्ही वाक्यं सलग ऐकवायला हवीत.

अंतराळातही अंडी

१९८९ मध्ये ‘डिस्कव्हरी’ यानातून कोंबडीची ३२ अंडी अंतराळात गेली. निम्मी नऊ दिवस उबलेली, निम्मी फक्त दोन दिवस. परत आल्यावर नऊ दिवसवाली तगली, दोन दिवसवाल्यांपैकी एकही नाही. आयडिया एका शाळकरी पोराची होती, आणि पैसा लावला होता तळलेली कोंबडी विकणाऱ्या केएफसीने! पुढच्याच वर्षी ‘मीर’ स्थानकावर बटेरचं पिल्लू अंड्यातून बाहेर आलं. पण वजन नाही, पाय टेकायला जमीन नाही. बिचारी पिल्लं तरंगत राहिली, नीट खाऊही शकली नाहीत, फार जगली नाहीत.

जमिनीवर आपलं काम सोपं आहे. अंडी फिरवायची! दिवसातून तीन किंवा पाच वेळा, म्हणजे विषम आकडा. का? नाहीतर रोजची लांबलचक रात्र अंडं एकाच कुशीवर काढील. एका बाजूला फुली, दुसऱ्या बाजूला गोल. पेन्सिलने हं, स्केचपेनने नाही, कारण कवचाला हजारो बारीक छिद्रं असतात. अंडं श्वास घेतं!

तिसऱ्या-चौथ्या दिवशी अंधारात अंड्यामागे मोबाइलचा टॉर्च धरा. लालसर कोळ्यासारख्या शिरा, मध्ये एक ठिपका, आणि ठिपका धडधडतोय. हा ठिपका अ‍ॅरिस्टॉटलनेही पाहिला होता, इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात, अंडी फोडून. रक्ताचा उड्या मारणारा ठिपका म्हणजे हृदय, असं त्याने लिहिलं. तुम्हाला अंडं फोडायचीही गरज नाही. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा अंडं हातातून खाली ठेववेना.

खरा लॉकडाऊन

१८ वा दिवस. आता अंडी फिरवणं बंद, झाकण बंद. अंडी उबवणारे जगभर या तीन दिवसांना ‘लॉकडाऊन’ म्हणतात, आणि हे नाव कोरोनाच्या कितीतरी आधीपासूनचं आहे.

आत काय चाललंय माहीत आहे का? अंड्याच्या जाड टोकाला हवेची पोकळी असते. पिल्लू आधी तिथला पडदा फोडतं आणि आयुष्यातला पहिला श्वास घेतं, अंड्याच्या आतच! आणि मग बोलायला लागतं. कवच अजून शाबूत, तरी आतून ‘चिव चिव’. खुडूक कोंबडी वरून घशातल्या घशात उत्तर देते. बटेरची पिल्लं तर अंड्याअंड्यांतून टिक-टिक करत एकमेकांना इशारा देतात आणि सगळी जवळपास एकाच वेळी बाहेर पडतात. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपशिवाय!

मग कवचावर पहिला तडा. याला म्हणतात पिप. आणि पुढे? काहीच नाही. तास जातात. सहा. दहा. पंधरा. पिल्लू गप्प पडून असतं. इथेच माणसाचा धीर सुटतो आणि नखं शिवशिवायला लागतात. थांबा! पिल्लू दमलेलं नाही, कामात आहे. पडद्यातल्या शिरांमधलं रक्त ते आत ओढून घेतंय, उरलेला बलकही पोटात घेतंय. तुम्ही आता कवच सोललंत, तर या शिरा फुटतात आणि वाचवायला गेलेला हातच घात करतो. पिपपासून बाहेर येईपर्यंत १२ ते २४ तास लागणं अगदी नॉर्मल. चिकला चिकाटी असते. ती आपल्यात हवी.

मग मदत कधी? पिप होऊन २४ तास उलटले आणि काहीच हालचाल पुढे गेली नाही तर. किंवा पडदा पांढरा, ओलसर दिसण्याऐवजी पिवळट-तपकिरी, कोरडा होऊन पिल्लाला चिकटला असेल तर. झाकण वारंवार उघडलं, वाफ निघून गेली, की हमखास हे होतं.

करायचं असं. इअरबड कोमट पाण्यात भिजवून पडदा ओला करा, नाकपुड्यांपासून लांब. पिपपासून कवचाचे तुकडे कणाकणाने काढा. रक्ताचा एक थेंब दिसला? काम बंद! अंडं परत उबेत, काही तासांनी पुन्हा पाहू. रक्त नसेल तर जाड टोकाकडची फक्त ‘टोपी’ मोकळी करा. खालचा अर्धा भाग पिल्लालाच ढकलू दे. बेंबी तिकडेच असते, आणि ती ओढली गेली तर सगळं मुसळ केरात.

बँड-एडची बेडी

बाहेर आलं, पण पाय फाकले? बेडकासारखे दोन दिशांना? घाबरू नका, बँड-एड आणा! बारीक पट्टी कापून दोन्ही पायांना सैलसर बेडी घाला, मध्ये पाय जेवढे असायला हवेत तेवढंच अंतर. दोन-चार दिवसांत पठ्ठा धावायला लागतो. पिल्लांची हाडं एवढी लवचिक असतात. आणि दोष बऱ्याचदा कुणाचा माहीत आहे? खाली अंथरलेल्या गुळगुळीत वर्तमानपत्राचा! पहिले काही दिवस खरखरीत टिश्यू पेपर अंथरा.

बोटं मुडपली असतील, तर पुठ्ठ्याची चप्पल! पंजाएवढा पुठ्ठा, बोटं सरळ करून वर चिकटपट्टी. सोबत बी-२ जीवनसत्त्व, कारण ते कमी पडलं की बोटं मुडपतात.

मागची जागा विष्ठेने बंद झाली, तर कोमट पाण्याचा कापूस लावून मऊ करा. ओढू नका. पिल्लू कोरडं करून लगेच उबेत.

ऊब किती? पहिल्या आठवड्यात ३२ ते ३५ अंश, मग दर आठवड्याला साधारण तीन अंश कमी. थर्मामीटर नसला तरी पिल्लंच सांगतात. बल्बखाली ढीग करून ओरडतात, म्हणजे थंडी. चोच उघडी टाकून कडेला पळतात, म्हणजे उकाडा. सगळीकडे पसरून निवांत दाणे टिपतात, म्हणजे एकदम परफेक्ट!

पहिल्या पाण्यात थोडा गूळ, पहिल्या खाण्यात मक्याचा भरडा, ही आपल्या गावाकडची रीत. पाण्याच्या ताटलीत गोट्या टाका, म्हणजे कुणी बुडणार नाही. आणि पहिल्याच आठवड्यात मानमोडी रोगावरची लासोटा लस! आपण जिला ‘मानमोडी’ म्हणतो, तिचं भारतभर चालणारं नाव ‘राणीखेत’, म्हणजे उत्तराखंडातल्या थंड हवेच्या सुंदर गावाचं. गावाने बिचाऱ्याने काय केलं होतं!

एकटंच पिल्लू जगलं तर? त्याला सोबत द्या: आरसा, मऊ खेळणं, पिसांचा झाडूसुद्धा चालतो. पिल्लू झाडूच्या पिसांखाली शिरून झोपतं. ते पाहून कुणाचंही मन विरघळेल.

आणि पहिले दोन-तीन दिवस पिल्लाने काही खाल्लं नाही तरी जीव टाकू नका. पोटात ओढून घेतलेला बलक हाच त्याचा डबा! या डब्याच्या जोरावर अमेरिकेत १९१८ पासून एका दिवसाची पिल्लं चक्क पोस्टाने पाठवतात. पोस्टमन दारात, आणि खोक्यातून चिवचिवाट.

‘सडकं’ अंडं आणि विश्वविक्रम

आता २००२ सालच्या मिशिगनमध्ये चला. एका शेतावरच्या कोंबडीने एक अंडं तसंच सोडून दिलं. अंडं गार पडलं होतं. मालकीणबाई ते कासवांना खायला म्हणून तळ्यात टाकायला निघाल्या. हात उचलला, आणि अंड्यातून बारीकसा आवाज आला: चिव.

पिल्लाला एग टूथच नव्हता. कवच फोडणार कशाने? बाईंनी हळूहळू कवच सोलून त्याला बाहेर काढलं. आईने नाकारलं, मग घरातच वाढवलं. नाव ठेवलं पीनट. या पीनटला २०२३ मध्ये गिनेस बुकने जगातली सर्वांत वयस्कर जिवंत कोंबडी म्हणून गौरवलं, वय वर्षं २०! एरवी कोंबडी पाच-आठ वर्षं जगते. पीनट २१ वर्षांची होऊन गेली. पुन्हा तोच आकडा!

म्हणून २१ वा दिवस संपला आणि ट्रेमध्ये एखादं अंडं मागे राहिलं, तर लगेच उकिरड्याकडे निघू नका. आणखी दोन दिवस उबेत राहू दे. मग घरातला टीव्ही बंद करा, मुलांना गप्प बसवा, आणि अंडं कानाला लावा.